ही बाई खडपात चालेल का?

गेल्या गणपतीत आमच्या वाचनालयात एक पत्र्याची ट्रंक आली. गावच्याच एका चाकरमान्याने लालबागची खोली विकली, मुलगा परदेशात, आणि मुलाची कॉमिक्स रद्दीत घालायला त्यांचा जीव होईना. म्हणून डिकीत टाकून गावी आणली. (आमचं वाचनालय म्हणजे मालवण तालुक्यातल्या एका गावात दोन खोल्या, एक पंखा आणि पावसात पुठ्ठ्यांवर धरणारी पांढरी बुरशी. फार मोठी कल्पना करू नका.) ट्रंक दिवाळीपर्यंत कोपऱ्यात पडून होती. मग एका दुपारी दाखल रजिस्टर घेऊन बसले. डांबराच्या गोळ्यांचा भपकारा, आणि खाली इंग्रजी सुपरहिरोंची चळत. मधूनमधून टिंकल, राज कॉमिक्स.

आमच्याकडे झाडलोटीला एक काकी येतात. साठीच्या आहेत. सुकतीला (म्हणजे ओहोटीला) खडपात, किनाऱ्याच्या खडकांत, जाऊन कालवं फोडतात, ती विकतात, आणि पाणी चढलं की आमच्याकडे झाडू मारायला येतात. त्यांनी केर काढता काढता एक अंक उचलला. मुखपृष्ठावर एक नायिका गच्चीच्या कठड्यावर उभी. पाठ आपल्याकडे, छाती आपल्याकडे आणि चेहराही आपल्याकडेच. पायात वीतभर टाचा. काकी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्या बायचा कंबार मोडला काय गो?" आणि टाचांकडे बोट करून, "ही खडपात इली तर पयल्याच पावलाक पडतली."

मी हसले, पण ते डोक्यातून जाईना. काकी खडपात कशा उभ्या राहतात ते मी पाहिलंय. कासोटा घट्ट ओढलेला, वर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, पायातल्या चपला सुतळीने बांधलेल्या, कारण कालवाची कड ब्लेडसारखी असते. पाय फाकलेले, गुडघे जरा वाकलेले. लोखंडाचा घाव घालतात तेव्हा जोर कुठून निघतो आणि कुठे जातो हे लांबूनही कळतं. आणि ही चित्रातली बाई म्हणे ट्रक उचलते. ट्रकचं जाऊ दे, तिचं स्वतःचं वजन कुठल्या पायावर आहे तेच मला कळेना.

मग वाचायला लागले. वंडर वुमन १९४१च्या अखेरीस आली. तिला घडवणारा विल्यम मॉल्टन मार्स्टन मानसशास्त्रज्ञ. खोटं बोलताना रक्तदाब कसा बदलतो यावर त्याने काम केलं होतं, आणि त्याच्या नायिकेच्या हातात आला तो खरं बोलायला लावणारा दोर. मुलींनाही आपल्या ताकदीची हौस वाटली पाहिजे हा त्याचा स्पष्ट हेतू होता. छान. पण पुढच्याच वर्षी, १९४२ साली, ही बाई जस्टिस सोसायटी नावाच्या सुपरहिरोंच्या मंडळात गेली, आणि मंडळाने तिला काय काम दिलं? सेक्रेटरी. पुरुष मोहिमेवर, ही ऑफिसात. मी आमच्या कार्यकारिणीत बरीच वर्षं इतिवृत्त लिहिते आहे, त्यामुळे हे वाचून मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

१९६८मध्ये तर तिची शक्तीच काढून घेतली. पांढरे कपडे, कराटे शिकवणारा चिनी गुरू, आणि गावात कपड्यांचं बुटीक. १९७२ साली ग्लोरिया स्टायनम ही स्त्रीवादी पत्रकार आणि मंडळींनी 'मिझ' मासिकाच्या पहिल्या नियमित अंकावर तिला जुन्या वेशात छापलं, आणि १९७३ला शक्ती परत आली.

तर मंडळी, तुम्ही वाचलेल्या कॉमिक्समधल्या बायका कशा होत्या? कोण लक्षात राहिली, आणि कोण खडपात टिकेल?

*

जुना_इंद्रजाल:

ताई, तुम्ही एकदम वेंगुर्ल्यात नेऊन सोडलंत. एसटी स्टँडजवळच्या दुकानात इंद्रजाल कॉमिक्स भाड्याने मिळायची, आणि संध्याकाळपर्यंत परत नाही केली तर दुकानदार घरी येऊन आईसमोर मागायचा. आमचा देव वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. डायना पामर संयुक्त राष्ट्रांत नोकरी करायची, जगभर हिंडायची, आणि तरी आम्हा पोरांना ती फक्त 'वेताळाची डायना'. गोष्टीत तिचं मुख्य काम पळवून नेलं जाणं. १९७७ साली एकदाचं लग्न झालं दोघांचं. चाळीस वर्षांहून जास्त वाट पाहिली बाईने.

पण एक गोष्ट मला अजून आठवते. सतराव्या वेताळाला जुळी बहीण होती, जुली. भाऊ काम करू शकत नव्हता तेव्हा तिने तो वेश चढवला आणि कारभार चालवला. शाळेत यावरून भांडणं झाली. निम्म्या वर्गाचं म्हणणं, मग ती वेताळ की वेताळीण? गुरुजी म्हणाले, आधी पाढे म्हणा.

*

तिरफळ:

धागा चांगला आहे पण एकांगी होतोय. पुरुष काय खरे असतात का? सुपरमॅनच्या छातीवर ताट-वाटी ठेवून जेवता येईल. बॅटमॅनचा जबडा बघा, ते स्नायू कुठल्या जिममध्ये होतात सांगा, मी नाव घालतो. सगळंच फुगवून काढतात, तोच तर या कलेचा धर्म आहे. बायकांचं तेवढं खटकतं, पुरुषांचं नाही, हे कसं?

(रत्नागिरीत बसून गेली पंधरा वर्षं गोळा करतोय. ट्रंकेत काय काय आहे त्याची यादी टाकाल का?)

*

सोलकढी:

तिरफळ, यादी मागायच्या आधी एक प्रयोग कर. बॅटमॅन घे आणि त्याला त्या कठड्यावरच्या बाईसारखा उभा कर. पार्श्वभाग वर, ओठ किंचित उघडे, एक गुडघा नाजूक वाकलेला. आता घाबरेल का कोणी जोकर?

हे मी म्हणत नाही, लोकांनी करून दाखवलंय. २०१२ साली काही चित्रकारांनी हॉकआय या धनुर्धाऱ्याला घेतलं आणि नायिकांच्या मुखपृष्ठांवरच्या पोझेस त्याला दिल्या. 'हॉकआय इनिशिएटिव्ह' म्हणून शोध, सापडेल. हसून हसून पुरेवाट होते. पुरुषाची छाती फुगवतात ती वाचणाऱ्या पोराला आपण असं व्हावं असं वाटावं म्हणून. बाईची फुगवतात तीही त्याच पोरासाठी. फुगवण्यात फरक नाही, कोणासाठी फुगवलं त्यात आहे.

आणि नावं बघा. सुपरगर्ल, बॅटगर्ल, स्पायडर-वुमन, शी-हल्क. आमच्या सासरी बायकांना त्यांच्या नावाने कोणी हाक मारत नाही, आडनावाला शेपूट लावून कोणतरीकरीण करून टाकतात. ही तशीच. सुपरमॅनकरीण, स्पायडरकरीण. स्पायडर-वुमन (१९७७) आणि शी-हल्क (१९८०) तर आणल्याच मुळात अशासाठी की दुसऱ्या कोणी ते नाव आधी वापरून हक्क सांगू नये. म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून बाईला जन्माला घातलं.

आणि फँटॅस्टिक फोर! १९६१. चौघांपैकी एक आगीचा, एक दगडाचा, एक रबरासारखा ताणणारा, आणि बाईला शक्ती कोणती? दिसेनासं होण्याची. अरे ही शक्ती आमच्याकडे घरटी एकीला आहे, त्याला अंतराळात जावं लागत नाही. नाव 'इनव्हिजिबल गर्ल'. तिची 'वुमन' व्हायला १९८५ उजाडलं, तोपर्यंत तिला मूलही झालेलं होतं.

*

भोपळा:

+१. वाचतोय. स्पायडरकरीण =))

*

रंगपेटी:

मी कॉमिक्सवाला नाही. दशावतारात स्त्रीपार्ट करतो, पुष्कळ वर्षं झाली. भाच्याने धागा दाखवला म्हणून लिहितो, चूकभूल द्यावी घ्यावी.

काल जत्रेत रंग लावायला बसलो होतो. भाच्याने मोबाईलवर असंच एक चित्र काढून दिलं. म्हटलं बघूया जमतं का. साडी नेसून झालेली, आरसा समोर. पाय असे ठेवले, कंबर अशी, पाठ वळवली, मान मागे. आणि उसण भरली. खोटं नाही सांगत. पेटीवाला धावला, दोघांनी धरून बाकड्यावर बसवला, झंडू बाम चोळला. अर्ध्या तासात प्रवेश. रात्रभर राणी ताठ बसून होती, लोकांना वाटलं काय रुबाब आहे.

आता जरा कामाचं सांगतो. नवीन पोरं स्त्रीपार्ट करायला येतात ती सिनेमा बघून येतात, म्हणून कंबरेपासून सुरुवात करतात. मला शिकवणारे म्हणायचे, "कंबार सोड, पाय बघ." विहिरीवर पाणी ओढणारी बाई बघ, तिचं पाऊल कुठे रुतलंय ते बघ. बाई कळते ती पावलात, आणि खांद्यावरून पदर सारखा करायला हात जातो त्यात. युद्धाचा प्रवेश असला की देवी पहिलं काय करते? पदर खोचते. तो खोचला की पखवाजवाल्याला कळतं आता काय वाजवायचं, आणि समोर बसलेल्या बायका सावरून बसतात. तलवार अजून उचललेली पण नसते. तुमच्या त्या चित्रातल्या बाईला खोचायला पदरच नाही, मग ती आता लढणार हे कळायचं कशावरून?

पण उगाच आमची फुशारकी नको. आम्ही पण पुरुषच लिहिणार, पुरुषच सोंग घेणार. लिहिणार म्हणजे काय, आमच्यात संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या सुचतात. आणि सुचतं काय? राणीला वनवास, राणीवर खोटा आळ, राणीचा विलाप. राजापार्टी रागावला पाहिजे, म्हणून माझ्यावर संकट. कितीतरी रात्री मी फक्त राजाला राग यावा म्हणून रडलोय.

*

सोलकढी:

रंगपेटी, साष्टांग नमस्कार. तुमची शेवटची ओळ आहे ना, तिच्यावर अमेरिकेत १९९९ साली एका बाईने यादी केली. गेल सिमोन. तेव्हा ती लेखिका नव्हती, केस कापायचं काम करायची. पार्लरवाली म्हणा. तिने कॉमिक्समधल्या मेलेल्या, बलात्कार झालेल्या, शक्ती गमावलेल्या बायकांची यादी इंटरनेटवर लावली. नाव दिलं 'विमेन इन रेफ्रिजरेटर्स', कारण १९९४च्या ग्रीन लँटर्नच्या एका अंकात नायक घरी येतो आणि त्याच्या मैत्रिणीचं प्रेत फ्रिजमध्ये कोंबलेलं असतं. पुढे नायक पेटून उठतो वगैरे. तिचं काम तेवढंच.

आणि हीच पार्लरवाली २००७पासून वंडर वुमन लिहायला लागली.

*

तिरफळ:

परत तेच. बॅटमॅनचे आईबाप मेले, स्पायडरमॅनचा काका मेला, सुपरमॅनचा तर अख्खा ग्रह गेला. माणसं मेल्याशिवाय हिरो तयार होत नाही. १९७३मध्ये स्पायडरमॅनची मैत्रीण ग्वेन स्टेसी मेली तो अंक मी वाचला आहे. तिला वाचवायला टाकलेल्या जाळ्याच्याच हिसक्याने तिची मान मोडते. तसा अंक आजही कोणी लिहू शकत नाही. ते काय फ्रिज?

*

वाचनालयवाली:

तिरफळ, ग्वेनचा अंक ट्रंकेत आहे (मूळ नाही, पुनर्मुद्रण. यादी टाकते, धीर धर). रात्री वाचला. चांगलाच आहे, रडवतो. पण मला सांग, ग्वेनला मरण्याआधी त्या अंकात काय हवं होतं? तिची स्वतःची एखादी इच्छा, एखादं अर्धवट राहिलेलं काम? मी दोनदा शोधलं. स्पायडरमॅनच्या काकाला निदान एक वाक्य तरी बोलायचं होतं.

आणि हिरो मरतात ते परत येतात, पाठ मोडली तरी बरे होतात. बॅटमॅनची पाठ मोडली होतीच की, वर्षभरात टुणटुणीत. यावरून बार्बरा गॉर्डनचं सांगते, कारण ती माझी जातवाली. १९६७ला बॅटगर्ल म्हणून आली तेव्हा तिचा दिवसाचा धंदा कोणता होता माहीत आहे? ग्रंथपाल! हे वाचलं तेव्हा मी दाखल रजिस्टर मिटून एकटीच हसत बसले. १९८८मध्ये जोकर दारात येऊन तिला गोळी घालतो आणि तिचे पाय जातात. का, तर तिच्या बापाला वेडं करायचं आणि बॅटमॅनला डिवचायचं. तिच्याशी जोकरचं काही वैरच नव्हतं.

पण पुढे मजा आहे. पुढच्याच वर्षी किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या नवराबायकोने तिला उचललं. बरं न करता. चाकाच्या खुर्चीतच, 'ओरॅकल' म्हणून. सगळ्या हिरोंना माहिती पुरवणारी, कोणाला कुठे काय सापडेल ते सांगणारी. म्हणजे पुन्हा ग्रंथपालच! वीसेक वर्षं ती तशी राहिली. २०११ला कंपनीने सगळं नव्याने सुरू केलं आणि तिला परत चालती करून बॅटगर्लच्या वेशात घातलं, तेव्हा अपंग वाचक नाराज झाले. त्यांचंही बरोबर होतं. खुर्चीतली बार्बरा बसलेली असूनही तिचं वजन कुठे आहे ते दिसायचं.

*

मीठभाकर:

कालवांचं सुकं कसं करता तुमच्याकडे? आमच्याकडे तिरफळ घालत नाहीत, आयडीवरून आठवलं.

*

भोपळा:

मीठभाकर, अवांतर नको, पाककृतीचा वेगळा धागा काढा. (पण काढा नक्की.)

*

दर्यावरची_आई:

आमची लेक सातवीत आहे, तिच्या बाजूने लिहिते. तिला वंडर वुमन आवडत नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "ती आधीपासूनच राजकन्या आहे." तिला आवडते टिंकलमधली विंगस्टार. २०१५पासून येते. मपुई कावलिम, मिझोरामची मुलगी, तिच्या बाबांनी तयार केलेल्या यंत्रांवर उडते. आणि मुख्य म्हणजे तिला हिरोगिरीचा कंटाळा आहे, तिला मैत्रिणींबरोबर राहायचं असतं. क्लासला जायचा कंटाळा असतो तसा. हे लेकीला फार पटलेलं आहे.

दुसरी कमला खान, नवी मिझ मार्व्हल. २०१४पासून तिची स्वतंत्र मालिका आली. जर्सी सिटीतली पाकिस्तानी घरची पोरगी, जी. विलो विल्सन या लेखिकेने लिहिलेली, संपादक सना अमानत. तिला शक्ती मिळते तेव्हा पहिल्यांदा ती काय होते, तर तिच्या आवडत्या कॅरोल डॅनव्हर्ससारखी, म्हणजे जुन्या मिझ मार्व्हलसारखी. गोरी, सोनेरी केस, उंच बूट, अंगाला चिकटलेला तोकडा वेश. आणि लगेच तिला कळतं की बूट चावतात आणि तो वेश नको तिथे रुततो! इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं, की बाई, हे घालून तुला बरं वाटतं का? मग ती स्वतःचा वेश करते तो अंगभर पोहायच्या कपड्यातून, बुर्किनीतून. लेकीने हे पान मला आणून दाखवलं. तिच्या कबड्डीच्या टीमला यंदा मिळालेल्या चड्ड्यांवरून आमच्या घरात काय काय झालं होतं, ते सांगत बसत नाही.

कॅरोलचंही २०१२मध्ये बदललंय म्हणा. केली सू डीकॉनिकने तिला कॅप्टन मार्व्हल केलं आणि वैमानिकाचा वाटावा असा पूर्ण अंगाचा पोशाख दिला. बाई हवाई दलातली, मग तो तसा असायला एवढी वर्षं का लागावीत?

*

जुना_इंद्रजाल:

आमच्या वेळी हे नव्हतं हो. राज कॉमिक्समध्ये सुपर कमांडो ध्रुवची बहीण श्वेता चोरून चंडिका व्हायची, एवढंच. भाऊ जगातला सगळ्यात हुशार, आणि घरातली बहीण मुखवट्याआड आहे हे त्याला कळत नाही. तेव्हा वाटायचं लेखकाची चूक. आता तीन बहिणींचा भाऊ म्हणून सांगतो, चूक नव्हती.

*

तिरफळ:

बरं, एक मान्य. काल माझ्याकडचे वीस-पंचवीस अंक काढून फक्त पाय बघितले. रंगपेटींनी वाट लावली, आता दुसरं काही दिसतच नाही. पुरुष जमिनीवर उभे आहेत. बायका बऱ्याचदा चवड्यावर, किंवा हवेत, किंवा पाय चौकटीच्या बाहेरच कापलेले. जॉर्ज पेरेझने १९८७ला नव्याने केलेली वंडर वुमन तेवढी नीट उभी आहे, ग्रीक पुतळ्यासारखी. बाकीचं म्हणणं माझं कायम. फुगवतात सगळ्यांनाच.

यादी?

*

रंगपेटी:

तिरफळ, कुडाळच्या बाजूला आलात तर नाटकाला या. रंग लावायच्या वेळी आत येऊन बसा, पाय दाखवतो. उसण बरी आहे.

*

वाचनालयवाली:

यादी लिहून झाली आहे, उद्या फोटो टाकते. अंक घरी नेता येतील, फक्त ग्वेनचा अंक वाचनालयातच बसून वाचायचा, कारण बांधणी सुटलीय.

काल अमावास्येची मोठी सुकती होती. काकी दुपारी उशिरा आल्या, हात पाण्याने पांढरेफटक पडलेले, अंगठ्याला चिंधी. मी मुद्दाम कमला खानचा अंक टेबलावर उघडून ठेवला होता. तिची शक्ती म्हणजे अंग हवं तेवढं वाढवता येतं, त्या पानावर तिने दोन्ही मुठी पोत्याएवढ्या केल्या आहेत, आणि पाय फाकून उभी आहे. काकींनी झाडू भिंतीला टेकवला, चष्मा नाही म्हणून पान लांब धरलं.

"ह्या चेडवाचे हात कालवां फोडूक बरे," म्हणाल्या. मग पायांकडे बघितलं. "व्हाणो मात्र बांधूक सांग."